चालकाविना टॅक्सी आणि सावित्रीकाठचा रस्ता

वाहन म्हटले की चालक आलाच, ही समजूत जगातील काही शहरांपुरती तरी आता जुनी झाली आहे. अमेरिकेतील फिनिक्स शहरात ‘वेमो’ या कंपनीची चालकविरहित टॅक्सी ऑक्टोबर २०२० पासून सर्वसामान्य उतारूंसाठी सुरू झाली. पुढे सॅन फ्रान्सिस्को व लॉस एंजेलिस येथे, तसेच चीनमधील वुहान शहरात अशा टॅक्स्या धावू लागल्या. या गाडीचे स्टिअरिंग आपोआप फिरते, सिग्नल लाल होताच गाडी थांबते आणि चालकाच्या आसनावर कोणीही बसलेले नसते.

भारतात सार्वजनिक रस्त्यांवर अशी टॅक्सीसेवा नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री श्री. नितीन गडकरी यांनी २०१७ मध्ये व पुन्हा २०२३ मध्ये अशा वाहनांना विरोध दर्शविला. लक्षावधी चालकांचा रोजगार हे त्यामागील मुख्य कारण त्यांनी सांगितले. तेव्हा महाड किंवा पोलादपूर तालुक्यातील ग्रामपंचायत सदस्याने वा शिक्षकाने या विषयाचा विचार कशासाठी करावयाचा, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो.

त्याचे उत्तर या वाहनांच्या बाजूने केल्या जाणाऱ्या एका दाव्यात आहे. बहुतेक अपघात माणसाच्या चुकीने होतात. यास्तव माणूस बाजूला केला की अपघात टळतील, असा तो दावा आहे. तो सर्वस्वी निराधार नाही. २०२२ या वर्षी भारतात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले व त्यांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. महाराष्ट्रातील मृतांची संख्या १५,२२४ होती. देशातील एकूण मृत्यूंपैकी सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेगामुळे झाल्याची नोंद आहे. यंत्र मद्यपान करीत नाही, त्यास झोप येत नाही आणि ते मोबाइलवर बोलत नाही. परंतु माणूस बाजूला केल्यावर जे उरते, तो रस्ता, तो पूल, तो पाऊस आणि ती जबाबदारी, यांचे काय, हा प्रश्न शिल्लक राहतोच. तो तपासून पाहण्यास महाड-पोलादपूरचा रस्ता अतिशय योग्य आहे.

कोणतेही चालकविरहित वाहन सुरक्षित आहे किंवा नाही हे ठरविताना तीन गोष्टी पाहाव्या लागतात. वाहनास काय दिसते व त्याचा अर्थ त्यास कितपत कळतो, ही पहिली. न कळल्यास ते काय करते, ही दुसरी. आणि अपघात घडल्यास उत्तर कोणी द्यावयाचे, ही तिसरी.

यंत्रास रस्ता कसा दिसतो

अशा टॅक्सीवर अनेक कॅमेरे, रडार आणि बहुधा ‘लायडार’ नावाचे उपकरण बसविलेले असते. लायडार डोळ्यांस न दिसणारे प्रकाशकिरण सर्व दिशांना सोडते व ते वस्तूवर आपटून परत येण्यास किती वेळ लागला यावरून अंतर मोजते. या सर्वांकडून आलेली माहिती गाडीतील संगणक एकत्र करतो आणि समोरची आकृती मोटार आहे, सायकल आहे की पादचारी आहे हे ठरवितो. त्यासाठी त्यास अगोदर लक्षावधी चित्रे दाखवून शिकविलेले असते. याखेरीज, ज्या भागात गाडी चालवावयाची त्या भागाचा अत्यंत बारीक नकाशा गाडीत साठविलेला असतो. मार्गिका कोठे, सिग्नल कोठे, रस्त्याची कड कोठे, हे गाडीला आधीच ठाऊक असते.

स्वयंचलनाच्या शून्यापासून पाचपर्यंत पायऱ्या मानल्या जातात. शून्य पायरीवर सर्व काम माणूस करतो. पाचव्या पायरीवर यंत्र कोठेही, कोणत्याही स्थितीत वाहन चालविते. आज धावणाऱ्या चालकविरहित टॅक्स्या चौथ्या पायरीवरील आहेत. ठरावीक क्षेत्रात आणि ठरावीक परिस्थितीतच त्या चालकाविना चालू शकतात. पाचव्या पायरीचे वाहन जगात अद्याप कोठेही सेवेत नाही.

दिल्ली मेट्रोच्या एका मार्गावर २८ डिसेंबर २०२० पासून चालकविरहित गाडी धावते. मग टॅक्सीचीच एवढी अडचण का, असे विचारले जाते. मेट्रोचा मार्ग बंदिस्त असतो. त्यावर गुरे येत नाहीत, समोरून ट्रक येत नाही आणि गाडीस वळावयाचे की नाही हे रूळ ठरवितात. रस्ता सर्वांना खुला असतो, आणि खुल्या रस्त्यावर काय काय येऊ शकते याची यादी कधीच पुरी होत नाही.

ही यादी देशोदेशी बदलते. हैदराबादच्या आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्थेने २०१८ मध्ये हैदराबाद व बंगळूर परिसरातील रस्त्यांची सुमारे १०,००० चित्रे वर्गवारी करून संशोधकांना उपलब्ध करून दिली. परदेशी रस्त्यांवर शिकलेल्या यंत्रास रिक्षा ठाऊक नसते, हे त्यामागील एक कारण होते. या वर्गवारीत रिक्षा व प्राणी यांना स्वतंत्र स्थान आहे. डांबराच्या कडेला असलेली, पण वेळप्रसंगी गाडी उतरविता येईल अशी मातीची पट्टी, हाही एक वेगळा वर्ग तीत आहे. साईडपट्टीवर गाडी उतरवून समोरच्यास वाट देणे आपल्याकडील चालकाच्या अंगवळणी पडले आहे. यंत्रास ते शिकवावे लागते.

महाडच्या रस्त्यावर ही यादी आणखी वाढते. मिनीडोअरमधून उतरणारे उतारू, औद्योगिक वसाहतीकडे जाणारे रसायनांचे टँकर, शिमग्यात रस्त्याने निघणारी पालखी, गणेशोत्सवात मुंबईहून लोटणारी वाहने, २० मार्च रोजी चवदार तळ्याकडे येणारा जनसमुदाय हे सर्व त्या त्या वेळी रस्त्याचा भाग होतात. अशा वेळी वाहतूक सिग्नलने चालत नाही. ती पोलिसाच्या हाताने आणि माणसांच्या परस्पर समजुतीने चालते. चौपदरीकरणाच्या काळात तर याच महामार्गावर वळणमार्ग वारंवार बदलत गेले. नकाशावर विसंबणाऱ्या यंत्राला असा बदल दर वेळी कोणीतरी कळविणे आवश्यक असते.

दिसणे आणि ओळखणे

दिसणे व ओळखणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे १८ मार्च २०१८ च्या एका अपघाताने स्पष्ट केले. अमेरिकेतील टेम्पे शहरात ‘उबर’ कंपनीच्या चाचणीवाहनाने रात्री सायकल हाती धरून रस्ता ओलांडणाऱ्या एका महिलेस धडक दिली व ती मरण पावली. चालकविरहित तंत्राच्या वाहनाखाली पादचाऱ्याचा मृत्यू होण्याची ही पहिलीच नोंदलेली घटना होय.

तेथील राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने केलेल्या चौकशीत असे आढळले की, वाहनाच्या उपकरणांना ती महिला धडकेपूर्वी ५.६ सेकंद दिसली होती. त्या वेळच्या वेगाने हे अंतर १०० मीटरहून अधिक होते. थांबण्यास ते पुरेसे होते. तथापि संगणक तिला कधी वाहन, कधी अन्य वस्तू, तर कधी सायकल समजत राहिला आणि दर वेळी तिच्या मार्गाचा अंदाज नव्याने बांधत राहिला. पादचारी हा आखीव पट्ट्याबाहेरही रस्ता ओलांडू शकतो, हे त्यास शिकविलेलेच नव्हते. गाडीत देखरेखीसाठी माणूस होता. परंतु त्याचे लक्ष मोबाइलकडे होते. कंपनीतील सुरक्षाव्यवस्था अपुरी असल्याचा निष्कर्षही मंडळाने नोंदविला.

महाड किंवा पोलादपूरच्या बाजारपेठेत आखीव पट्ट्यावरूनच रस्ता ओलांडणारे किती, हे वाचकांस सांगावयास नको. देशात २०२२ साली मरण पावलेल्यांपैकी ४४.५ टक्के दुचाकीवरील व १९.५ टक्के पादचारी होते. म्हणजे शंभरातील चौसष्ट जणांच्या भोवती गाडीचा पत्राही नव्हता. म्हणून सुरक्षिततेची पहिली कसोटी वाहनाबाहेरील माणसाच्या दृष्टीने लावली पाहिजे.

सावित्रीवरील रात्र

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ मुंबई-गोवा महामार्गावरील सावित्री नदीचा जुना पूल पुरात कोसळला. ब्रिटिश अमदानीत, १९२८ साली बांधलेला हा दगडी कमानींचा पूल होता. शेजारी नवा पूल होता. पण मुंबईकडे जाणारी वाहतूक जुन्या पुलावरून चालू होती. त्याच वर्षी मे महिन्यात पुलाची पाहणी झाली होती व तो धोकादायक आढळला नव्हता, असे घटनेनंतर शासनाकडून सांगण्यात आले. जयगड-मुंबई व राजापूर-बोरिवली या दोन एस.टी. गाड्या आणि एक खासगी मोटार अंधारात नदीत गेली. चाळीसच्या आसपास माणसे दगावली. वाहने व मृतदेह यांचा शोध अनेक दिवस चालला. जवळच्या गॅरेजवरील माणसांच्या ध्यानी हा प्रकार आला, पोलिसांना कळविण्यात आले व वाहतूक अडविण्यात आली. म्हणून मागची वाहने वाचली. त्या जागी १६५ दिवसांत उभारलेला नवा पूल जून २०१७ मध्ये वाहतुकीस खुला झाला.

या घटनेत चालकाची चूक कोठे शोधावयाची? रस्ता नेहमीचा होता, पूल कागदोपत्री सुस्थितीत होता आणि मुसळधार पावसात दिव्याचा उजेड थोड्याच अंतरापर्यंत पोहोचत होता. त्या जागी यंत्र असते तर काय झाले असते, याचा विचार उद्बोधक आहे. रस्त्यावर उभी असलेली वस्तू ओळखणे यंत्रास तुलनेने सोपे असते. रस्ताच नाहीसा झाला आहे, पुढे पोकळी आहे, हे ओळखणे कितीतरी अवघड असते. कारण पोकळीवरून किरण परत येत नाहीत आणि पावसाच्या थेंबांवरून मात्र येतात. शिवाय गाडीतील नकाशा त्या क्षणीही ‘पुढे पूल आहे’ असेच सांगत राहिला असता. चांगले यंत्र कदाचित वेळीच थांबले असते, कदाचित नसते. मागील वाहने वाचली ती मात्र पुलाची खबर रस्त्यावर पोहोचली म्हणून. ही खबर पोहोचविणारी व्यवस्था माणसास जितकी हवी, तितकीच यंत्रासही हवी.

तद्वत, अनुभवी चालकाच्या ठायी असलेले ज्ञानही ध्यानात घेतले पाहिजे. घाटात डोंगरावरून अचानक गढूळ पाणी येऊ लागले, बारीक दगड रस्त्यावर पडू लागले, तर दरड येण्याची शक्यता असते हे जाणता चालक ओळखतो व अलीकडेच थांबतो. यंत्राच्या लेखी ते बारीक दगड अडथळा या सदरात बसत नाहीत. हे ज्ञान कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नाही. ते एस.टी.च्या, ट्रकच्या व मिनीडोअरच्या चालकांपाशी आहे, आणि उद्या यंत्रास शिकवावयाचे झाले तरी ते त्यांच्याकडूनच घ्यावे लागेल.

थांबणे म्हणजे सुरक्षितता काय?

काही कळेनासे झाल्यास चालकविरहित टॅक्सी सामान्यतः वेग कमी करून कडेला किंवा जागीच थांबते व दूरवरच्या नियंत्रण कक्षाकडे विचारणा करते. शहरातील एखाद्या चौकात हे योग्यही ठरेल. परंतु दोन घटनांनी त्याच्या मर्यादा दाखवून दिल्या.

२ ऑक्टोबर २०२३ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे माणूस चालवीत असलेल्या एका मोटारीने पादचारी महिलेस उडविले व ती शेजारच्या मार्गिकेतील ‘क्रूझ’ कंपनीच्या चालकविरहित टॅक्सीपुढे पडली. टॅक्सीने ब्रेक लावला, पण धडक बसलीच. त्यानंतर, अपघात झाल्यावर कडेला व्हावे या नियमाने ती पुन्हा चालू लागली आणि महिला गाडीखाली असताना तिला सुमारे २० फूट फरफटत नेले. माणूस प्रथम खाली उतरून पाहतो. यंत्राने नियम पाळला. त्याच महिन्यात कॅलिफोर्निया राज्याच्या मोटार वाहन विभागाने कंपनीचे परवाने स्थगित केले.

दुसरी घटना २० डिसेंबर २०२५ ची. त्याच शहरात मोठ्या भागाची वीज गेली आणि चौकांतील सिग्नल बंद पडले. अनेक चालकविरहित टॅक्स्या चौकांत उभ्या राहिल्या, कारण पुढे जावे की नाही याची खातरजमा करून घेण्याच्या त्यांच्या विनंत्या नियंत्रण कक्षाकडे एकाच वेळी साचल्या. सेवा काही काळ बंद ठेवावी लागली.

आता २२ जुलै २०२१ चा महाड तालुका आठवावा. सावित्री व गांधारी यांच्या पुराने शहर वेढले गेले, वीज गेली, मोबाइलचा संपर्क तुटला. तळिये गावावर दरड कोसळून ८० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे व सुतारवाडी येथेही दरडींनी बळी घेतले. अशा वेळी विचारणा करावयाची तर ती कोणाकडे व कशाच्या आधारे? ज्या वाहनास संपर्काविना निर्णय घेता येत नाही, ते संकटकाळी रस्त्यात उभे राहून रुग्णवाहिकेचीही वाट अडवू शकते. कशेडी घाटास पर्याय म्हणून झालेल्या सुमारे दोन किलोमीटरच्या बोगद्यातही उपग्रहाचा संकेत पोहोचत नाही. तेथे वाहनास स्वतःच्या उपकरणांवरच विसंबावे लागेल. तेव्हा संपर्क तुटल्यावर वाहन काय करील, हा प्रश्न परवाना देताना अगोदर विचारला गेला पाहिजे.

आकडे कसे वाचावेत

या घटनांवरून चालकविरहित टॅक्सी धोकादायकच, असा निष्कर्ष काढणे उचित होणार नाही. वेमो कंपनीच्या संशोधकांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ५ कोटी ६७ लाख मैलांच्या, म्हणजे सुमारे ९ कोटी १२ लाख किलोमीटरच्या चालकविरहित प्रवासाची मानवी चालकांशी तुलना केली आहे. त्यानुसार गंभीर दुखापतीचे अपघात ८५ टक्क्यांनी, तर पादचाऱ्यांना दुखापत होणारे अपघात ९२ टक्क्यांनी कमी आढळले. ही सुधारणा लक्षणीय आहे.

तथापि हे आकडे वाचताना तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. अभ्यास कंपनीच्या स्वतःच्या संशोधकांचा आहे, ही पहिली. दुसरी अशी की, हा प्रवास आखीव मार्गिका आणि बारीक नकाशे असलेल्या निवडक शहरांतील आहे. कोकणातील जुलै महिना त्यात नाही. तिसरी गोष्ट गणिताची आहे. अमेरिकेत ढोबळमानाने दर १० कोटी मैलांमागे एक ते सव्वा मृत्यू होतो. मृत्यूच्या बाबतीत यंत्र माणसाइतके सुरक्षित आहे हे ९५ टक्के खात्रीने सांगावयाचे असेल, तर एकही मृत्यू न होता सुमारे २७ कोटी ५० लाख मैलांचा प्रवास व्हावा लागेल, असे तेथील ‘रँड’ या संशोधन संस्थेने २०१६ मध्ये दाखवून दिले. वरील अभ्यासातील प्रवास याच्या पाचव्या हिश्श्याइतका आहे. दुखापतींविषयी तो बरेच काही सांगतो; मृत्यूंविषयी तितक्या खात्रीने सांगू शकत नाही.

घाटातील गणित

यंत्राचा मोठा गुण म्हणून त्याच्या जलद प्रतिसादाचा उल्लेख होतो. त्याची किंमत किती, हे शाळेतील गणिताने काढता येते. ताशी ६० किलोमीटर वेगाने वाहन सेकंदाला सुमारे १६.७ मीटर जाते. समोरचा धोका पाहून ब्रेकवर पाय पडेपर्यंत माणसाला दीड सेकंद लागतो असे धरल्यास तेवढ्यात २५ मीटर अंतर कापले जाते. ओल्या रस्त्यावर ब्रेकमुळे दर सेकंदाला वेग सेकंदास ४ मीटरने घटतो असे मानले, तर पुढे आणखी ३५ मीटर लागतात. एकूण ६० मीटर झाले. यंत्राने अर्ध्या सेकंदात ब्रेक लावला तर हेच अंतर सुमारे ४३ मीटर भरते. आणि माणसानेच वेग ताशी ३० किलोमीटर ठेवला तर? तो अवघ्या २१ मीटरमध्ये थांबतो.

धुक्यात ३० मीटरपलीकडे काही दिसत नसेल, तर ताशी ६० किलोमीटर वेगाचे यंत्र धडकेल व ३० वेगाचा माणूस थांबेल. म्हणजे घाटात चपळ यंत्रापेक्षा कमी वेग अधिक उपयोगी पडतो, आणि त्यासाठी कोणत्याही नव्या शोधाची वाट पाहावयाची नाही.

२८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस पोलादपूर-महाबळेश्वर मार्गावरील आंबेनळी घाटात दरीत कोसळली. ३० जणांचा मृत्यू झाला व एकच जण बचावला. घाटातील वाहन कडेला जाण्याची कारणे अनेक असू शकतात. पण कडेला गेलेल्या वाहनास दरीत जाण्यापासून रोखणारी वस्तू एकच, ती म्हणजे भक्कम संरक्षक कठडा. चालकाच्या जागी कोण बसले आहे, हे कठडा विचारीत नाही.

उत्तर कोणी द्यावयाचे

मोटार वाहन अधिनियम, १९८८ हा कायदा चालक ही व्यक्ती गृहीत धरून रचलेला आहे. परवाना व्यक्तीला मिळतो, दंड व्यक्तीला होतो. कलम १३४ अन्वये अपघातातील जखमीस वैद्यकीय मदत मिळवून देणे हे चालकाचे कर्तव्य आहे. चालकच नसेल तर जखमीला उचलावयाचे कोणी? आंबेनळीसारख्या घाटात, जेथे दुसरे वाहन येण्यास वेळ लागतो, तेथे हा प्रश्न केवळ कायद्याचा राहत नाही.

याच अधिनियमात २०१९ च्या सुधारणेने दोन महत्त्वाच्या तरतुदी आल्या. कलम २ब अन्वये संशोधनाच्या उत्तेजनार्थ काही प्रकारच्या वाहनांना सूट देण्याचा अधिकार केंद्र शासनास आहे. चाचण्यांचे दार त्यातून उघडू शकते. कलम १९८अ अन्वये रस्त्याची रचना, बांधकाम वा देखभाल निर्धारित मानकांनुसार न केल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व ओढवल्यास संबंधित प्राधिकरण, ठेकेदार वा सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अपघातास चालकाखेरीज रस्ताही कारण असू शकतो, हे येथे कायद्याने मान्य केले आहे.

ब्रिटनने २०२४ मध्ये स्वयंचलित वाहनांसाठी स्वतंत्र कायदा केला. अशा वाहनाची सुरक्षितता सावध व सक्षम मानवी चालकाच्या तोडीची असली पाहिजे, हा त्याचा पाया आहे. यंत्र वाहन चालवीत असताना घडलेल्या वर्तनाची जबाबदारी त्यात आसनावरील व्यक्तीऐवजी अधिकृत कंपनीवर ठेवली आहे. जबाबदारीबरोबर सत्यकथनही आले. सॅन फ्रान्सिस्कोच्या अपघातातील फरफटीची बाब केंद्रीय यंत्रणेस दिलेल्या अहवालात वगळल्याचे क्रूझ कंपनीने २०२४ मध्ये मान्य केले. भारतात उद्या अशी वाहने आलीच, तर अपघाताची संपूर्ण नोंद शासनाच्या ताब्यात देण्याचे बंधन परवान्याच्या पहिल्या अटींत असणे इष्ट ठरेल.

ग्रामपंचायत व शाळा यांचे कार्य

यंत्रास सुरक्षितपणे चालण्यासाठी जे लागते, त्याची यादी पाहिली तर ती आजच्या चालकाच्या गरजांहून फारशी वेगळी नाही. स्पष्ट पांढरे पट्टे, वळणावरील रिफ्लेक्टर, शाबूत कठडा, वेलींनी न झाकलेले फलक, पुलाची खरी स्थिती आणि वेळेवर मिळणारी खबर, एवढी ती यादी आहे. यांपैकी बरेचसे काम गावपातळीवरून पुढे नेता येते.

१. ग्रामपंचायतीने आपल्या हद्दीतील धोक्याच्या जागांची नोंदवही ठेवावी. जागा, जवळचा किलोमीटरचा दगड, तारीख व छायाचित्र यांसह नोंद करावी. ग्रामसभेच्या ठरावासह ती संबंधित बांधकाम विभागाकडे वा महामार्ग कार्यालयाकडे पाठवून पोच जपून ठेवावी.

२. पावसाळ्यापूर्वी प्रत्येक पुलाच्या व मोरीच्या खांबावर पाण्याच्या धोक्याची पातळी ठळक रंगाने दाखवून घेण्याचा आग्रह धरावा. पातळी ओलांडल्यास पोलीस पाटील, तहसील कार्यालय व पोलीस ठाणे यांना कोणी कळवावयाचे, हे नावानिशी ठरवावे.

३. पूल किंवा रस्ता खचल्याचे दिसताच दोन्ही बाजूंनी वाहने थांबविण्यासाठी दोर, बांबू, लाल कापड व विजेऱ्या ठरावीक जागी ठेवाव्यात. अधिकृत आदेश येईपर्यंतची पहिली काही मिनिटे सर्वांत मोलाची असतात, हे सावित्रीकाठी दिसून आले आहे.

४. रात्री रस्त्यावर बसणारी मोकाट गुरे व दिव्याविना उभी केलेली वाहने यांचा बंदोबस्त करावा.

५. आपत्कालीन मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ व राष्ट्रीय महामार्गावरील मदतीसाठी १०३३ हे क्रमांक बसथांबे, शाळा व दुकाने येथे रंगवून घ्यावेत. जखमीस सद्भावनेने मदत करणाऱ्यास कलम १३४अ अन्वये संरक्षण आहे, हेही तेथेच लिहावे.

शाळांनी थांबण्याच्या अंतराचे गणित मैदानावर चुन्याच्या रेषा आखून दाखवावे. २१, ४३ आणि ६० मीटरच्या तीन रेषा विद्यार्थ्यांनी स्वतः मोजून आखल्या, तर धावत्या गाडीपुढून रस्ता ओलांडणे म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागणार नाही. वरच्या वर्गांना एस.टी.च्या सेवानिवृत्त चालकांची मुलाखत घेऊन पावसाळ्यातील घाटाच्या खुणा लिहून काढण्याचा उपक्रम देता येईल. टेम्पे व सावित्री या दोन घटना समोर ठेवून ‘चूक कोणाची?’ या विषयावर चर्चा घडवून आणता येईल.

चालकविरहित टॅक्सी महाडच्या बसस्थानकाबाहेर कधी उभी राहील किंवा राहणारही नाही. तो निर्णय शासन व समाज यांनी रोजगार, सुरक्षितता आणि खर्च यांचा विचार करून घ्यावयाचा आहे. तोवर या मार्गावरून दर रात्री एस.टी. गाड्या मुंबईकडे निघतात आणि त्यांतील उतारू चालकावर विसंबून झोपी जातात. त्या चालकास समोरचा रस्ता खरोखर आहे याची खात्री देणे हे काम आजचे आहे. ते नीट झाले, तर पुढे येणाऱ्या कोणत्याही यंत्राचे अर्धे काम झालेले असेल.